बरणीवर लिहायच्या दोन वेळा

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या मावशींचा अनुभव यात आला आहे, तो त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा गाळून सांगितला आहे.)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर गेली नऊ वर्षं मी एका कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. डॉक्टरांची खोली झाली की बाई आमच्या टेबलापाशी येते. पैसे कुठून उभे करायचे, गावाहून येऊन राहायचं कुठे, धाकट्या मुलीला कोण सांभाळणार, केस गेल्यावर लोकांना काय सांगायचं, हे प्रश्न आमच्याकडे येतात.

मला विषय दिलाय तो 'स्तनाचा कर्करोग आणि आपण' असा. यावर आपण शिबिरांतून बोलत आलोय. गाठ लागली तर लपवू नका, लवकर दाखवा, लाजू नका. हे सांगत राहायलाच हवं, कारण आज आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सगळ्यात पुढे आहे. पण आज मला त्याच्या पुढचं बोलायचंय. बाईने लाज सोडली, गाठ दाखवली, ऑपरेशन झालं. तिच्या शरीरातून जे काढलं, त्याचं पुढे काय होतं? ते कशात ठेवतात, किती वेळ ठेवतात, लॅबपर्यंत कोण नेतं? मी स्वतः कितीतरी वर्षं हा प्रश्न विचारला नव्हता. एका मावशींमुळे विचारायला लागले.

या मावशी मराठवाड्यातल्या. वय अठ्ठेचाळीस, शेतमजुरी करणाऱ्या. हात सुजला म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. काखेतल्या गाठी काढल्यावर असा हात सुजतो, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्यांचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात झालं होतं. नंतर केमो झाली आणि 'आता झालं, घरी जा' असं सांगितलं गेलं. फाइल पाहताना आमच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळी चालू नाही?" मावशी म्हणाल्या, "कंची गोळी?"

रिपोर्टमध्ये तिन्ही तपासण्या निगेटिव्ह होत्या, म्हणून गोळी दिली नव्हती. पण डॉक्टरबाईंना शंका आली. त्यांनी लॅबमधून ब्लॉक मागवायला सांगितले, आणि ते आणायच्या निमित्ताने मी मावशींना आणि त्यांच्या मालकांना ऑपरेशनच्या दिवसाचं सगळं विचारलं. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं. काढलेलं स्तन ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवलं. मग ते अख्खंच्या अख्खं एका लहान तोंडाच्या बरणीत कोंबलं. औषधाचं पाणी अर्ध्यापर्यंतच होतं. काखेतल्या गाठी वेगळ्या छोट्या बाटलीत घातल्या. बरणी आणि बाटली पिशवीत घालून मालकांच्या हातात दिली, "जिल्ह्याच्या लॅबला नेऊन द्या." रविवारी लॅब बंद. पिशवी मेहुण्याच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवली. सोमवारी दुपारी ती लॅबला पोचली.

आता हे का सांगतेय ते कळण्यासाठी या तपासण्या काय असतात ते पाहू.

गाठ कर्करोगाची आहे एवढं कळून उपचार ठरत नाहीत. ती कोणत्या जातीची आहे ते पाहावं लागतं. त्यासाठी तीन नावं लक्षात ठेवा : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना पकडणारे रिसेप्टर. गाठीच्या पेशींत ते असतील तर ती गाठ आपल्याच शरीरातल्या संप्रेरकांवर वाढते, आणि संप्रेरकांची वाट अडवणारी गोळी तिला लागू पडते. टॅमॉक्सिफेन ही त्यातली जुनी गोळी. पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोलसारख्या गोळ्याही देतात. ज्यांची गाठ ईआर पॉझिटिव्ह आहे अशा बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब करून हे २०११ साली मांडलं गेलं. ही गोळी स्वस्त आहे, घरी बसून घेता येते, त्यासाठी शहरात खाट अडवून पडावं लागत नाही. आपल्या गरीब बाईला परवडणारं औषध कुठलं असेल तर हे.

तिसरं हर-टू. ते जास्त असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन उपयोगी पडतं. त्याची किंमत कमी व्हावी म्हणून २०१२ पासून आपल्या देशात मोहीम झाली, तीत स्त्री चळवळीतल्या मैत्रिणी होत्या. २०१३ साली मूळ कंपनीने इथल्या पेटंटचा आग्रह सोडला आणि २०१४ च्या सुरुवातीला देशी पर्याय बाजारात आला. औषधासाठी आपण भांडलो ते बरोबरच होतं. पण कोणाला औषध मिळणार हे ठरवते ती तपासणी, आणि ती तपासणी उभी असते बरणीतल्या त्या तुकड्यावर. तिकडे मात्र आपलं लक्ष गेलं नाही.

शरीरातून मांसाचा भाग काढला की त्याचा रक्तपुरवठा थांबतो, पण पेशींतले पाचक रस थांबत नाहीत. ते त्याच पेशींतली प्रथिनं तोडू लागतात. ईआर, पीआर हीसुद्धा प्रथिनंच आहेत. उकाड्यात हे आणखी लवकर होतं. हे थांबवण्यासाठी तो भाग फॉर्मॅलिनमध्ये घालतात. साधं फॉर्मॅलिन नव्हे, आम्लता वाढू नये म्हणून त्यात क्षार घातलेलं, १० टक्क्यांचं. त्याने प्रथिनं जागच्या जागी बांधली जातात. मग तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्यालाच ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे अगदी पातळ काप काचेवर घेऊन त्यांवर रंगाची तपासणी होते. रिसेप्टर असेल तर पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात.

आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण आपण लोणचं घालतो. अख्खी कैरी बरणीत घालून वर चमचाभर मीठ टाकलं तर ती मुरेल का? बाहेरून मुरल्यासारखी दिसेल आणि आतून कुजेल. म्हणून आपण फोडी करतो, मीठ पुरेसं घालतो, वर तेल राहील असं बघतो आणि मुरायला वेळ देतो. फॉर्मॅलिनचंही तसंच आहे. ते मांसात तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं आणि खोलवर जाताना आणखी मंदावतं. स्तनात चरबी असते, त्यातून ते लवकर पुढे सरकत नाही. अख्खं स्तन तसंच बुडवलं तर मधल्या गाठीपर्यंत औषध पोचायच्या आत मधली प्रथिनं खराब झालेली असतात. म्हणून चार नियम आहेत. काढलेल्या भागाला लगेच काप द्यायचे, साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे. फॉर्मॅलिन त्या भागाच्या निदान दहा पट घ्यायचं. काढल्यापासून एका तासाच्या आत तो भाग फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. आणि तो त्यात ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ तासांपेक्षा जास्त नको. घाईने लवकर काढलं तर प्रथिनं नीट बांधली जात नाहीत, फार दिवस ठेवलं तर ती इतकी घट्ट जखडतात की रंग पोचायला अडचण होते. हे तासांचे नियम अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून ईआर-पीआरसाठी २०१० साली घालून दिले, आणि आता जगभर तेच प्रमाण मानतात.

नियम पाळले नाहीत तर काय होतं? रिसेप्टर असूनही दिसत नाहीत आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. यातला धोका असा, की अशा चुकीच्या रिपोर्टवर चुकीची खूण कुठेच नसते. खऱ्या निगेटिव्हचा कागद आणि खोट्या निगेटिव्हचा कागद दिसायला सारखाच असतो. हर-टूच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, नसलेलं दिसू शकतं आणि असलेलं दिसेनासं होऊ शकतं.

पण ओळखायचा एक मार्ग आहे, तो आमच्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. गाठीच्या आसपास बहुतेक वेळा दुधाच्या निरोगी नलिका असतात. त्यांच्या काही पेशींत ईआर असतोच, त्यामुळे त्या रंगायलाच हव्यात. गाठही रंगली नाही आणि शेजारची निरोगी नलिकाही रंगली नाही, तर गाठ निगेटिव्ह आहे असं म्हणता येत नाही. तपासणीच झाली नाही, असं म्हणायचं असतं. मावशींच्या स्लाइडवर निरोगी नलिका कोऱ्या होत्या. मग काखेतल्या गाठींचा ब्लॉक तपासला. त्या छोट्या होत्या, पुरेशा औषधात बुडलेल्या होत्या आणि सोमवारपर्यंत ७२ तास उलटले नव्हते. तिथे पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी गडद तपकिरी निघाल्या. ईआर पॉझिटिव्ह.

मावशींना हे मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, म्हंजी डॉक्टरनं कापलं ते बरोबर, मी केमो सोसली ती बरोबर, अन् घोटाळा झाला तो पिशवीत?" मी म्हटलं, "हो मावशी." मालक मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटत होतं, चूक आपल्या हातून झाली. त्या माणसाने रविवारभर पिशवी जपली होती, कोणाचा धक्का लागू नये म्हणून उंच खुंटीला लावली होती. घड्याळ चालू आहे, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

अशी चूक एकट्यादुकट्या गावात होते असं समजू नका. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर नावाचा प्रांत आहे. सरकारी, मोफत आरोग्यसेवा असलेला. तिथे १९९७ ते २००५ या काळात झालेल्या ईआर-पीआर तपासण्या पुढे शंकास्पद ठरल्या. सुरुवात झाली ती एका बाईची निगेटिव्ह ठरलेली तपासणी २००५ साली पुन्हा केल्यावर पॉझिटिव्ह आली तेव्हा. मग जुने नमुने टोरांटोला पाठवून पुन्हा तपासले. तीनशेहून अधिक बायकांचे रिपोर्ट चुकीचे निघाले. त्यांतल्या शंभराहून अधिक जणी तोवर वारल्या होत्या. त्यांतली कोण गोळी मिळाली असती तर वाचली असती, हे आता कोणीही सांगू शकत नाही. अनेकींना ही बातमी आधी कळली ती वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून. बायका आणि त्यांचे नातेवाईक कोर्टात गेले. २००७ साली चौकशी आयोग नेमला गेला, न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरून यांचा. त्यांचा अहवाल मार्च २००९ मध्ये आला. एका माणसाची किंवा एका यंत्राची चूक म्हणून विषय मिटवता येणार नाही, हे त्यातून दिसलं. नमुना टिकवण्यापासून, रंग देण्यापासून, तपासणीवर देखरेख ठेवण्यापर्यंत सगळीकडे ढिलाई होती. त्याच वर्षी पीडित बायकांना १ कोटी ७५ लाख डॉलरची भरपाई ठरली. मुद्दा असा, की तिथे जुन्या नोंदी आणि जुने ब्लॉक जपलेले होते, म्हणून चूक मोजता तरी आली.

आपल्याकडे काय आहे? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९९ मधल्या सुमारे आठशे गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ईआर पॉझिटिव्ह गाठी साधारण एक तृतीयांश होत्या. तेव्हा असं बोललं जाई, की भारतीय बायकांच्या गाठीच वेगळ्या, त्यांना गोळी फारशी लागू नाही. पुढच्या वर्षांतल्या त्याच संस्थेच्या नोंदींत संप्रेरकांचे रिसेप्टर असलेल्या गाठी निम्म्याहून अधिक निघाल्या. थोड्या वर्षांत आपल्या बायकांची शरीरं बदलली नाहीत. तपासायची पद्धत सुधारली, पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ती पट्टी बदलली, नमुन्यांची काळजी वाढली. शरीर 'वेगळं' असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी बरणी तपासायला हवी, एवढं तरी यातून शिकू या.

एक सावधगिरी. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्ट खोटा असं गावात जाऊन सांगू नका. तिन्ही खरोखर निगेटिव्ह असणाऱ्या गाठी असतात, आपल्याकडे त्यांचं प्रमाण बरंच आहे, आणि त्यांच्यावरही उपचार आहेत. बाईला खोटी आशा दाखवायची नाही. तिची तपासणी नीट झाली का, एवढं विचारण्याचा तिचा हक्क आपण सांगायचा आहे.

आता थोडं आपल्या भाषेत बोलते. ही बरणी कोणाच्या हातात असते? ऑपरेशन थिएटरमध्ये ती भरते आयाबाई किंवा सिस्टर. बहुतेक ठिकाणी कंत्राटी, कमी पगाराच्या, दोघींचं काम एकीने करणाऱ्या. फॉर्मॅलिन किती घालायचं हे त्यांना कोणी शिकवत नाही, कपाटात उरलं असेल तेवढं त्या घालतात. चूक झाली की बोट त्यांच्याकडे जातं. पुढे बरणी जाते घरातल्या पुरुषाच्या हाती. रिपोर्टही त्याच्या खिशात येतो. जिचं शरीर, तिला ना बरणी दिसते ना कागद. मी किती बायकांना विचारलं, "तुमचा रिपोर्ट काय आहे?" उत्तर येतं, "मालकांना म्हाईत." दवाखान्यातल्या हलगर्जीपणाला घरातल्या या सवयीचीही साथ असते, हे आपणच बोललं पाहिजे.

मग आपण काय करू शकतो? मोठं यंत्र घ्यायला नको, मोर्चाही लगेच काढायला नको. पाच गोष्टी सांगते.

पहिली. ऑपरेशन ठरलं की आधी विचारा, सुईने तुकडा काढून तपासणी होईल का? बारीक तुकडा लगेच औषधात जातो आणि लवकर मुरतो, त्यामुळे त्यावरच्या तपासण्या सहसा भरवशाच्या होतात.

दुसरी. बरणीवर आणि सोबतच्या फॉर्मवर दोन वेळा लिहून मागा. भाग शरीरातून काढला ती वेळ, आणि फॉर्मॅलिनमध्ये घातला ती वेळ. दोन आकडे लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण एकदा वेळ लिहायची म्हटली की बरणी खुंटीला राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसरी. शनिवारी ऑपरेशन असेल तर विचारा, नमुना आज लॅबला जाणार का, नसेल तर त्याला काप देऊन पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये कोण ठेवणार? नातेवाइकाने न्यायचा असेल तर बरणी रुंद तोंडाची हवी, भाग पूर्ण बुडालेला हवा, सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात ठेवलेला नको. फॉर्मॅलिन विषारी आहे. झाकण घट्ट हवं, मुलांपासून दूर.

चौथी. रिपोर्टची प्रत बाईच्या हातात द्या आणि ब्लॉक लॅबमध्ये जपून आहेत का ते विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर लेखी अर्ज देऊन सहीनिशी ब्लॉक मागा. कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड काही आठवड्यांत निकामी होऊ लागतात, म्हणून ब्लॉकच मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रं मिळायला हवीत. २०२१ साली महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली आहे. तिचा आधार घ्या.

पाचवी. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना शांतपणे एक प्रश्न विचारा : "शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या होत्या का?" हा प्रश्न भांडणाचा नाही. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला तो ऐकून बरंच वाटेल.

आणि एक काम संघटना म्हणून. तुमच्या तालुक्यात स्तनाची ऑपरेशनं करणारे चार-पाच दवाखाने असतील. तिथल्या सिस्टर आणि आयाबाईंना एकदा भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, त्यांना सोबत घ्यायला जा. मावशींची हकीगत मी एका दवाखान्यात सांगितली तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला कोणी हे सांगितलंच नाही हो. आम्हाला वाटायचं, नुसतं वास येऊ नये म्हणून घालतात." पुढच्या खेपेला गेले तेव्हा कपाटाच्या दाराला त्यांनी कागद चिकटवला होता : काप, दहा पट, वेळ लिहा.

मावशी आता गोळी घेतात. उशिरा सुरू केली तरी उपयोग होतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मधल्या दीड वर्षाने त्यांचं काय नुकसान झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी गावातल्या एका बाईला आमच्याकडे पाठवलं. तिने आल्या आल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. मावशींनी मुलाकडून लिहून घेतलेली. त्यात एवढंच होतं : 'हिचं ऑपरेशन होईल तेव्हा बरणीवर टाइम लिहा.'

हेच सांगायला मी आले होते. आता तुमचे प्रश्न विचारा.